सायकलचं कुलूप, चोरी आणि खारा वारा: कोकण किनाऱ्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत सायकल वापरणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात: कुठलं कुलूप घेऊ, कशाला बांधू, पावसात कुलूप अडकलं तर काय करू. शहरातल्या सायकलस्वारांसाठी दिलेला सल्ला इथे अर्धाच लागू पडतो. इथे चोराइतकंच मीठ त्रास देतं, आणि जिथे सायकल बांधायची ती वस्तू बऱ्याचदा लोखंडाची नसतेच. हे दोन मुद्दे खाली पुन्हा पुन्हा येतील.

आमच्या वाडीत सगळे ओळखीचे. कुलूप खरंच लागतं का?

लागतं. वाडीत ओळख असते, पण सायकल वाडीतच राहत नाही. ती एसटी स्टँडवर, बाजारात, जेटीवर, रेल्वे स्टेशनबाहेर उभी राहते. शिवाय मे महिना, गणपती आणि शिमग्याला गावात अनोळखी माणसांची आणि गाड्यांची वर्दळ असते. जुनी काळी लोखंडी सायकल कोण नेणार, असं वाटतं. पण तिला भंगाराच्या वजनाचा भाव येतो आणि टेम्पोत टाकायला दोन माणसं पुरतात. बिनकुलपाची सायकल बऱ्याचदा ठरवून चोरली जात नाही. कुणीतरी ‘जरा पुढच्या नाक्यापर्यंत’ म्हणून नेतो आणि तिथेच टाकून देतो. अशा माणसाला थांबवायला साधं कुलूपही पुरतं.

मागच्या चाकाला जे रिंग लॉक असतं, तेवढं पुरेल?

दुकानासमोर दोन मिनिटं थांबायचं असेल तर पुरेल. रिंग लॉकची सळई आऱ्यांमधून जाते आणि चाक फिरणं थांबतं. एवढंच त्याचं काम. सायकल कशालाच बांधलेली नसते, त्यामुळे ती उचलून नेता येते. हलकी गिअरची सायकल तर एका हातात उचलली जाते.

त्याचा एक फायदा मात्र मोठा आहे: ते सायकललाच बसवलेलं असतं, त्यामुळे घरी विसरत नाही. म्हणून ते काढून टाकू नका, जोडीला दुसरं कुलूप घ्या. बसवताना त्याचे स्क्रू बाहेरून सहज फिरवता येणार नाहीत असे बसवून घ्या, आणि चावी लावलेली ठेवून सायकल सोडू नका. या कुलपाची चावी उघड्या स्थितीत आतच राहते, म्हणून ही चूक फार होते.

मग नेमकं कुठलं कुलूप घ्यावं?

सायकलची किंमत आणि ती रोज किती वेळ नजरेआड राहते, यावर ठरवा.

केबल लॉक, म्हणजे प्लास्टिकचं आवरण असलेली वळवलेली तार, हे सगळ्यात जास्त विकलं जातं आणि सगळ्यात कमकुवत आहे. बाहेरून अंगठ्याएवढं जाड दिसतं, पण ती जाडी बहुतेक प्लास्टिकची. आत बारीक तारा असतात आणि त्या साध्या कटरने एकेक करून तुटतात. केबल फक्त पुढचं चाक किंवा सीट अडकवायला वापरा, मुख्य कुलूप म्हणून नको.

साखळी चांगली, कारण ती वाकते आणि जाड खांबालाही वेढा घालते. पण कड्या किती जाड आहेत ते बघा. ६ मिलिमीटरची साखळी लहान बोल्ट कटरने तुटते. ८ मिमी बाजारहाटाला ठीक. १० मिमी आणि पोलाद कडक केलेलं असेल तर हाताच्या कटरला घाम फुटतो. १६ मिमी जवळजवळ कुठल्याच हातकटरच्या जबड्यात मावत नाही, पण ती अंगणात कायमची ठेवायची वस्तू झाली. मीटरभर १० मिमी साखळीचंच वजन दोन किलोंच्या पुढे जातं. घाट चढताना ते जाणवतं.

वजन आणि ताकद यांचा मेळ यू-लॉकमध्ये, म्हणजे ‘यू’ आकाराची कडी आणि तिचं तोंड बंद करणारी आडवी दांडी असलेल्या कुलपात, उत्तम बसतो. १३-१४ मिमी जाडीचा, कडक पोलादाचा, लहान आकाराचा यू-लॉक घ्या. लहान म्हणजे किती? फ्रेमची नळी, चाक आणि खांब आत गेल्यावर हात घालायला जागा उरू नये. मोकळी जागा उरली की तिथे पहार किंवा पाईप घालून पिळता येतं.

घडीचे पट्टी लॉक खिशात छान बसतात, पण त्यांचे सांधे रिव्हेटचे असतात आणि कमजोर जागा तीच. खाऱ्या हवेत हेच सांधे आधी गंजतात.

पाकिटावर ब्रिटनच्या ‘सोल्ड सिक्युअर’ या चाचणीची ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड किंवा डायमंड अशी श्रेणी असेल तर तिला अर्थ आहे. उत्पादकाने स्वतःच छापलेल्या ‘दहापैकी आठ’सारख्या आकड्यांवर मात्र दोन कंपन्यांची कुलपं ताडून बघता येत नाहीत. गोल नळीसारख्या चावीचं जुनं यू-लॉक कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. अशा चावीची काही कुलपं बॉलपेनच्या प्लास्टिक नळीने उघडतात हे २००४ मध्ये अमेरिकेत उघड झालं होतं. सपाट चावीचं, आत फिरणाऱ्या चकत्यांचं कुलूप घ्या.

बंदरावरच्या दुकानात होड्यांची जस्त चढवलेली साखळी स्वस्त मिळते. ती चालेल?

मिरकरवाडा, हर्णे, मालवण अशा ठिकाणी ती सहज मिळते आणि गंजाला चांगली टिकते. पण ती होडी बांधायला केलेली असते, चोर अडवायला नाही. पोलाद मऊ असतं, आणि मऊच हवं, कारण लाटेच्या हिसक्याला ते तुटण्याआधी ताणलं पाहिजे. हॅकसॉने ते लोण्यासारखं कापलं जातं.

घरी ओळखायचं असेल तर जुनी कानस घ्या आणि कडीवर एका कोपऱ्यात जोर देऊन घासा. कानस चावली, चकचकीत ओरखडा पडला, बारीक भुगा निघाला, तर पोलाद मऊ आहे. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर वरचा थर कडक आहे. हीच परीक्षा कुलपाच्या कडीलाही लावा. कडक साखळीला मऊ कडीचं कुलूप लावलं तर कुलूपच कापलं जातं.

सायकल बांधायची खरी पद्धत कोणती?

आधी फ्रेम, मग मागचं चाक, मग पुढचं. नुसतं पुढचं चाक बांधलं तर परत आल्यावर तेवढंच मिळेल.

एक यू-लॉक असेल तर तो सायकलच्या मागच्या त्रिकोणात, म्हणजे सीटखालच्या नळ्या आणि पेडलपासून मागे जाणाऱ्या नळ्या यांच्या मधल्या जागेत, मागच्या चाकाच्या रिमभोवती घाला आणि खांबाला अडकवा. फ्रेमच्या नळीभोवती नाही घातला तरी चालतं, कारण अडकलेलं चाक त्या त्रिकोणातून बाहेर येऊच शकत नाही. अमेरिकन मेकॅनिक शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. तिचा फायदा असा की लहान, हलकं कुलूपही पुरतं आणि फ्रेम व चाक दोन्ही एकदम अडकतात. रिम आणि टायर कापून सायकल सोडवता येते, पण मग महागडं मागचं चाक वाया जातं.

पुढच्या चाकातून केबल काढून तिचं टोक यू-लॉकमध्ये अडकवा. कुलूप जमिनीपासून वर राहू द्या. जमिनीला टेकलं तर तिच्यावर ठेवून हातोडा मारता येतो. चावीचं भोक खाली तोंड करून ठेवा. इथे तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण वर तोंड केलेल्या भोकात जून ते सप्टेंबर सरळ पाणी जातं. शेवटी सायकल धरून एकदा हलवून बघा. कुलूप ‘कट’ वाजलं म्हणजे लागलं असं नाही, वाळूचा एक कण मध्ये आला तरी ते अर्धवट बसतं.

बांधायला लोखंडी खांबच नसतो. माड, गडगा (दगडी कुंपण), बेडं (वाशांचं फाटक) यांना बांधलं तर?

कुलूप कितीही महाग असो, ते ज्याला अडकवलं त्याच्यापेक्षा मजबूत ठरत नाही.

माड मजबूत खरा, पण त्याला वेढा घालायला साधारण दीड मीटर साखळी लागते आणि यू-लॉक तर पुरतच नाही. शिवाय वरून नारळ आणि झावळ पडतात. नारळाने सायकलची रिम वाकते, आणि सोडवायला खाली वाकलेल्या माणसाचं डोकं त्याहून नाजूक. पोफळ बारीक असते, कोयत्याचे चार घाव पुरतात. सुरूचं जाडसर झाड किनाऱ्यावर बरं पडतं, फक्त साखळी सालीत रुतेल इतकी आवळू नका.

बेड्याला तर बांधूच नका. त्याचे वासे आडवे सरकवून काढण्यासाठीच असतात. कुणीही वासा ओढेल, कुलूपासकट सायकल घेऊन जाईल. कुंपणाच्या बांबूचं आणि चिव्याच्या काठीचं तेच. रचीव गडग्यात अडकवलेली कडी दगड हलवला की निघते.

चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, भिंतीत ठोकलेला साधा फुगणारा अँकर बोल्टही भरवशाचा नाही. जांभा सच्छिद्र असतो. बोल्ट आवळला की आतला दगड चुरतो आणि पावसाळा उलटला की कडी हाताने निघते. भिंतीलाच कडी हवी असेल तर आरपार भोक पाडा, लांब बोल्ट घाला, आतल्या बाजूला किमान १० सेंटिमीटर चौरस, ६ मिमी जाड पत्र्याची चकती लावून नट आवळा आणि नटला वेल्डिंगचा टाका मारा. मग ओढणाऱ्याला अख्खा चिरा ओढावा लागेल.

बाजारात सूचना फलकाचा खांब वापरताना दोन गोष्टी बघा: खांब जमिनीत पक्का आहे का, आणि तो इतका बुटका तर नाही ना की सायकल वर उचलून काढता येईल. खिडकीचा गज उत्तम, फक्त घरमालकाला विचारून.

अंगणात किंवा शाळेत पक्का सायकल स्टँड करायचा आहे. माप काय?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण एकदा चांगला स्टँड झाला की त्या जागेची निम्मी कटकट संपते.

चाक अडकवायचे दात असलेले स्टँड बसवू नका. त्यात नुसतं चाक धरलं जातं, फ्रेम बांधता येत नाही, आणि वाऱ्याने सायकल कलंडली की रिम वाकते. उलट्या ‘यू’ आकाराचा पाईप हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात चांगलं. एका स्टँडला दोन्ही बाजूंनी दोन सायकली लागतात.

पाईप ४० मिमी मापाचा, जाड, जस्त चढवलेला जीआय घ्या. त्याचा बाहेरचा व्यास साधारण ४८ मिमी येतो आणि त्याला यू-लॉक बसतो. उंची जमिनीवर ७५ सेंमी, रुंदी ७०-७५ सेंमी, जमिनीत ४० सेंमी. म्हणजे तीन मीटरच्या आसपास पाईप. २० फुटी नगात दोन स्टँड निघतात. कोपरे फॅब्रिकेटरकडून वाकवून घ्या. आट्याचे एल्बो लावले तर ते पान्याने उघडतात. दोन्ही पायांच्या तळाला १६ मिमी सळईचा वीतभर आडवा तुकडा वेल्ड करा, म्हणजे स्टँड पिळून उपटता येत नाही. वेल्डिंगने जस्त जळतं, तिथे झिंकचा प्रायमर मारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रत्येक पायासाठी एक फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा. काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी). दोन खड्ड्यांना अर्ध्या गोणीपेक्षा थोडं जास्त सिमेंट लागतं. वाळू खाडीची असेल तर वापरू नका, तिच्यातलं मीठ पाईप आतून खातं. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा बोटभर वर आणि बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा. पाईप नेहमी जमिनीच्या रेषेवर गंजतो, कारण पाणी तिथे साचतं, आणि हा उतार नसला की चार-पाच पावसाळ्यांत पाय सडतो. सात दिवस पाणी मारा, त्याआधी सायकली लावू देऊ नका.

दोन स्टँडमध्ये एक मीटर, भिंतीपासून ६० सेंमी अंतर सोडा. जागा छपराखाली पण पागोळीच्या बाहेर, आणि वर्गाच्या किंवा ऑफिसच्या खिडकीतून दिसेल अशी निवडा. इमारतीमागचा कोपरा नीटनेटका दिसतो, पण चोरालाही तोच आवडतो. हातात ग्राइंडर असेल तर बाजारातलं जवळजवळ कुठलंही कुलूप काही मिनिटांत कापलं जातं. त्याला अडवतात ते आवाज, ठिणग्या आणि बघणारे डोळे.

पावसाळ्यात कुलूप उघडतच नाही. चावी अर्धी जाऊन अडकते. काय करायचं?

जोर लावू नका. चावी आत तुटली की पुढचं काम ग्राइंडरचंच.

किनाऱ्यावर बऱ्याचदा आतला अडथळा गंजाचा नसतो, वाळलेल्या मिठाचा आणि बारीक वाळूचा असतो. लोक त्यावर तेल ओततात आणि प्रश्न वाढवतात. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून क्रम असा:

१. कुलूप भोक खाली करून धरा आणि कोमट गोडं पाणी बाटलीने जोरात आत मारा. दोन-तीन वेळा.
२. झटकून पाणी काढा. उन्हात किंवा चुलीजवळच्या उबेत (आगीवर नाही) वाळू द्या.
३. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे नळी लावून आत मारा, १५-२० मिनिटं थांबा. हा उरलेलं पाणी हटवतो आणि गंज सैल करतो.
४. चावी हलकेच आत-बाहेर करा, दर वेळी कापडाने पुसा. काळं येणं थांबेपर्यंत.
५. स्प्रे उडून जातो, तो टिकाऊ वंगण नाही. म्हणून शेवटी ग्राफाइटची पूड किंवा टेफ्लॉनचं कोरडं वंगण घाला. यांतलं काहीच नसेल तर शिलाई मशीनचं तेल दोन थेंब.

खोबरेल तेल घरात असतंच. तेच घातलं तर?

नको. कोकणातल्या घरात करकरणाऱ्या दारापासून केसांपर्यंत सगळ्यावर खोबरेल चालतं, कुलपात चालत नाही. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आतल्या चकत्या जागच्या जागी चिकटतात. शिवाय त्याला धूळ आणि वाळू धरते आणि पिवळा चिकट थर बनतो. आधीच घातलं असेल तर स्प्रेने धुऊन काढा, मग कोरडं वंगण.

कुलपाची नेहमीची निगा किती दिवसांनी?

पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने. समुद्राला लागून घर असेल तर बारा महिने पंधरा दिवसांनीच. साखळीवर कापडी बाही असेल तर ती मागे सरकवून आत बघा. खारं पाणी कापड धरून ठेवतं आणि बाहेरून नवी दिसणारी साखळी आतून तांबडी होते. कुलपाच्या भोकाला झाकण नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून ओढून बसवा. नंबर लॉकच्या चकत्यांमध्येही वाळू जाते, तेही धुवावं लागतं.

नंबर लॉक बरं की चावीचं?

शाळेच्या मुलांना नंबर लॉक सोयीचं, कारण चावी हरवत नाही. पण स्वस्तातलं नंबर लॉक सरावाच्या हाताला जाणिवेवरूनच उघडता येतं. दुकानातून आणलं की ०००० बदला. जन्मसाल, घर क्रमांक किंवा १२३४ ठेवू नका. आणि बंद करताना सगळ्या चकत्या फिरवा. मुलं एकच चकती एक घर सरकवून पळतात, मग उघडायला दहा प्रयत्नही लागत नाहीत.

रोज चार तास स्टेशनबाहेर राहणाऱ्या सायकलला चावीचंच कुलूप हवं. दोन चाव्यांपैकी एक घरी, वेगळ्या जागी. दोन्ही एकाच जुडग्यात अडकवल्या तर दुसरी चावी असून नसल्यासारखी.

सीट आणि चाकं चोरीला जातात, ती कशी वाचवायची?

क्विक रिलीजची दांडी असेल तर कुणीही हाताने चाक काढू शकतं. ती काढून ॲलन बोल्टची, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेल्या बोल्टची, दांडी बसवून घ्या. सीटच्या क्लॅम्पलाही लिव्हरऐवजी बोल्ट लावा.

ॲलन पाना आता सगळ्यांकडे असतो, म्हणून आणखी एक साधी युक्ती. सीटच्या बोल्टची खाच बहुधा ५ मिमीची असते. सायकलच्या पुढच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) ३/१६ इंची छर्रे असतात, म्हणजे ४.७६ मिमी. तसा एक छर्रा सायकल दुरुस्तीवाल्याकडून घ्या, खाचेत दाबून बसवा, वर मेणबत्तीचं मेण टिपकवा. आता पाना आत जात नाही. तुम्हाला काढायचा असेल तर मेण टोकदार वस्तूने खरवडा आणि छर्रा लोहचुंबकाने ओढा. मागच्या हबचे छर्रे पाव इंची असतात, ते इथे बसत नाहीत. मेणाचा आणखी फायदा म्हणजे बोल्टच्या खाचेत खारं पाणी साचत नाही.

दिवा, पंप, बाटली, सायकल कॉम्प्युटर यांना कुलूप नसतं. ते काढून सोबत न्या. बॅटरीच्या सायकलची बॅटरीही घरात आणा, तिची किंमत अख्ख्या साध्या सायकलीएवढी असू शकते.

किनाऱ्यावरून लांबच्या सफरीला निघालो आहोत. वाटेत काय सांभाळायचं?

रेवसपासून रेडीपर्यंतच्या वाटेवर दिवसभर सायकल नजरेसमोरच असते. धोका असतो तो जेवणाच्या थांब्यावर आणि रात्री. खानावळीत बसताना दोघांच्या सायकली तोंडाला तोंड न लावता उलटसुलट उभ्या करा आणि एकाच कुलपात दोन्ही फ्रेम अडकवा. एकमेकींत गुंतलेल्या दोन सायकली उचलायला फार अवघड जातात. रात्री खोलीत घेऊ देतील का, हे खोली ठरवतानाच विचारा.

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, बागमांडला-वेसवी अशा फेरीबोटींवर सायकल कठड्याला टेकवून मागचं चाक लॉक करा, म्हणजे बोट हलली की ती सरकत नाही. उतरल्यावर कुलपावर गोडं पाणी मारा. किनाऱ्यावर सायकल वाळूत आडवी टाकून पोहायला जाऊ नका. भरती तर आहेच, पण वाळू कुलपात, चेनमध्ये, हबमध्ये सगळीकडे जाते.

मुंबईला परत जाताना सायकल गावच्या बंद घरात आठ-दहा महिने राहते. कशी ठेवू?

माजघरात किंवा आतल्या खोलीत ठेवा, पडवीत नाही. पडवीतली सायकल रस्त्यावरून दिसते, आणि कुलूपबंद घराची पडवी कुणी बघत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं चाक काढून वेगळ्या खोलीत ठेवा. एका चाकाची सायकल कुणी चालवत नेऊ शकत नाही. फ्रेम खिडकीच्या गजाला साखळीने बांधा.

प्लास्टिकच्या कागदात गुंडाळू नका. आत घाम धरतो आणि गणपतीला येईपर्यंत चेन तांबडी होते. जुनी सुती चादर टाका. चेन आणि कुलूप दोन्हींना वंगण देऊन ठेवा. सायकल वाशाला टांगता आली तर उत्तम, टायर दबत नाहीत आणि उंदीर-घुशींपासून सीट वाचते. एक चावी शेजारच्या काका-काकूंकडे द्या आणि पावसाळ्यात दोनदा कुलूप उघडून बंद करायला सांगा. वापरात नसलेलं कुलूपच सगळ्यात आधी अडकतं.

सायकलमध्ये ट्रॅकर लपवला तर?

उपयोग मर्यादित. एअरटॅगसारखे ब्लूटूथ टॅग स्वतः उपग्रहाशी बोलत नाहीत. आजूबाजूने जाणाऱ्या फोनमार्फत ते आपली जागा कळवतात. रत्नागिरी किंवा चिपळूणच्या बाजारात हे चालतं, पण दोन घरांच्या वाडीत किंवा घाटाच्या वळणावर फोनच जात नाहीत. शिवाय असा टॅग सोबत फिरतोय हे चोराच्या फोनलाही कळवलं जातं. सिमकार्डवाला जीपीएस ट्रॅकर चांगला, पण त्यालाही नेटवर्क लागतं आणि चार्जिंग करावं लागतं. लावायचाच असेल तर सीटखाली किंवा बाटलीच्या स्टँडमागे लावा. लोखंडी नळीच्या आत टाकला तर सिग्नल कोंडला जातो. टॅगचा सेल सीआर२०३२ असतो, साधारण वर्ष पुरतो.

चोरी होण्याआधी कुठली माहिती जपून ठेवायची?

सायकल उलटी करा. पेडलचा आस ज्या आडव्या नळीतून जातो तिच्या खालच्या बाजूला फ्रेमचा नंबर ठोकलेला असतो. काही सायकलींवर तो सीटच्या नळीवर किंवा हँडलखाली असतो. चिखल आणि गंज पुसून, वर खडू घासला की आकडे उठून दिसतात. त्याचा फोटो, पूर्ण सायकलचा उजव्या बाजूने फोटो, एखाद्या ओरखड्याचा फोटो आणि बिलाचा फोटो, असे चार फोटो स्वतःला आणि घरातल्या एकाला पाठवून ठेवा. इथे गंजाने नंबर पुसट होतो, म्हणून त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा थर द्या. सीटची नळी काढून तिच्यात नाव आणि गाव लिहिलेली, प्लास्टिकमध्ये बंद केलेली चिठ्ठीही टाका. जुनी सायकल विकत घेतानाही हाच नंबर आणि बिल मागा. नंबर कानशीने घासलेला असेल तर सौदा सोडून द्या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणंही गुन्हा आहे.

सायकल गेली. आता पोलिसांत काय सांगायचं?

आधी आजूबाजूचे दोन-तीन रस्ते आणि नाले बघा, टाकून दिलेली सायकल बऱ्याचदा तिथेच असते. जवळच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण त्याच दिवशी मागा, कारण ते काही दिवसांनी पुसलं जातं.

१ जुलै २०२४ पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येतो. तक्रार कुठल्याही पोलिस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून नाकारता येत नाही. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदलेल्या एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात नोंद घेतली नाही तर लेखी तक्रार पोस्टाने जिल्हा पोलिस अधीक्षकांना पाठवता येते.

बिलाचं महत्त्व इथे येतं. चोरीच्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांच्या खाली असेल तर नव्या कायद्यात ती अदखलपात्र धरली आहे. म्हणजे पोलिस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. बिल नसेल तर सायकलची किंमत अंदाजे आणि कमी लिहिली जाण्याची शक्यता असते. म्हणून बिल, आणि नंतर बसवलेल्या सामानाच्या पावत्याही सोबत न्या. विमा असेल तर एफआयआरची प्रत, बिल आणि बहुधा कुलपाची चावीही मागतात. चोरीनंतर चावी फेकून देऊ नका.

आणि जवळच्या भंगारवाल्यांना, सायकल दुरुस्तीवाल्यांना फोटो दाखवून या. ब्रेकची तार बदलायला किंवा पंक्चर काढायला चोरीची सायकलही शेवटी त्यांच्याच दारात येते, आणि आपल्या भागातली सायकल ते ओरखड्यावरून ओळखतात.